हब गिअर की डिरेलर? एका सायकलीच्या प्रश्नाचा इतिहास

पीएच.डी.च्या प्रवेश मुलाखतीची तयारी करणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. बऱ्याच जणांकडे विषय असतो, प्रश्न नसतो. ज्यांच्याकडे प्रश्न असतो, त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा 'हे चांगलं की ते चांगलं?' असा असतो. सेंद्रिय शेती की रासायनिक, मराठी माध्यम की इंग्रजी. समितीतले लोक असा प्रश्न ऐकून एकमेकांकडे बघतात आणि तुम्ही घाबरता. या प्रश्नात वाईट काहीच नाही. फक्त तो खरेदीचा प्रश्न आहे. त्याचा संशोधनाचा प्रश्न करायचा तर त्याला थोडं मागे नेऊन आणावं लागतं. आज असाच एक प्रश्न घेऊ. विषय साधा सायकलीचा आहे, आणि माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानाचं असल्यामुळे मध्ये मध्ये आकडे येतील. सोबत कागद ठेवा.

समजा तुम्ही भोंगवलीत राहता. भोर तालुक्याच्या पूर्वेकडचं गाव. रोज महामार्गाला लागून, नीरा ओलांडून शिरवळच्या कारखान्यात कामाला जायचं आहे. घरात एक जुनी काळी सायकल आहे, मोठ्या चाकांची, दांड्याची, एकाच गिअरची. तिला मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर लावून घ्यायचं ठरलंय. पुण्याकडे कात्रज, साताऱ्याकडे खंबाटकी, कोकणाकडे वरंधा. या मुलखात चढाचा विचार केल्याशिवाय सायकलीचा विचार होत नाही. म्हणून गिअरही बसवायचा आहे. हब गिअर घ्यावा की डिरेलर?

डिरेलर तुम्ही पाहिलेला आहे. मागच्या चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्यांची उतरंड असते आणि खाली लोंबणारा एक हात चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'गिअरवाली सायकल' म्हणून जी आली ती हीच. हब गिअर मात्र बाहेरून दिसतच नाही. मागच्या चाकाच्या मध्यभागी जो डबा असतो, त्याच्या पोटात ग्रहमालेसारखी रचना असते. मधोमध न फिरणारं सूर्यचाक, त्याभोवती फिरणारी ग्रहचाकं, आणि सगळ्यांना वेढणारं आतून दाते असलेलं कडं. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या एडब्ल्यू या प्रसिद्ध तीन गिअरच्या हबमध्ये सूर्यचाकाला २० दाते आणि कड्याला ६० दाते असतात. ताकद ग्रहचाकांच्या चौकटीतून आत गेली आणि कड्यातून बाहेर आली, तर चाक १ + २०/६० म्हणजे १.३३ पट वेगानं फिरतं. उलट्या वाटेनं गेली तर ०.७५ पट. आणि थेट गेली तर जशास तसं. तीन गिअर झाले. हे गणित एकदा हातानं करून बघा, कारण पुढे ते लागणार आहे.

आता इतिहास. इथे पहिलाच स्रोत आपल्याला फसवू शकतो.

तीन गिअरच्या हबचं पेटंट १९०२ सालचं. त्यावरची आणि कंपनीवरची नावं हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांची. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे मालक फ्रँक बोडन यांनी ते हक्क घेतले आणि १९०३ पासून हा हब बाजारात आला. पेटंट हा प्राथमिक स्रोत. मग शोध लावणारे स्टर्मी आणि आर्चर, असं आपण लिहून मोकळे होऊ. पण टोनी हॅडलंड यांनी या कंपनीचा इतिहास लिहिताना तिसरं एक नाव पुढे आणलं: विल्यम राइली. दोन गिअरचा हब त्यांनी आधीच केलेला होता. त्याच्या करारामुळे पुढच्या शोधाचे हक्क त्यांना स्वतःच्या नावावर मोकळेपणानं घेता येत नव्हते, म्हणून नव्या रचनेचं पेटंट मित्र आर्चरच्या नावावर गेलं. म्हणजे पेटंट खरंच आहे, तारीखही खरी आहे, आणि तरी त्यावरून 'हे कुणी केलं' याचं उत्तर मिळत नाही. पेटंट ही मालकीची नोंद असते. तुमच्या विषयात असा कागद कोणता आहे, तो शोधून ठेवा. सातबारा, हजेरीपट, शोधनिबंधावरच्या लेखकांचा क्रम... काहीही असू शकेल.

हब गिअर वाढला तो इंग्लंडातल्या रोजच्या वापराच्या सायकलीवर. पाऊस, चिखल, कामावर जाणं, सायकल बाहेर उभी करणं. सगळी यंत्रणा डब्यात बंद, वरून तेलाचे चार थेंब सोडायला छोटी टोपी. एडब्ल्यू १९३६ साली आला आणि मूळ रचना फारशी न बदलता आजही बनतो. नॉटिंगहॅमचा कारखाना २००० साली बंद झाला, कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली, उत्पादन तिकडे गेलं. पण आतली २० आणि ६० दात्यांची ग्रहमाला तीच राहिली.

डिरेलरची जन्मकथा वेगळ्या भूगोलात घडते. फ्रान्समधलं सेंत-एत्येन हे डोंगराळ भागातलं कारखानदारीचं शहर. तिथे पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ 'व्हेलोसियो' या टोपणनावानं सायकलप्रवासाचं मासिक चालवत. चढावर एका गिअरनं सायकल हाकण्यात काहीही शौर्य नाही, हे ते वर्षानुवर्षं मांडत राहिले आणि स्वतः नाना तऱ्हेच्या गिअरचे प्रयोग करत राहिले. त्यांच्या विरुद्ध बाजूला होते 'तूर द फ्रान्स' शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज. गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय, असा त्यांचा खाक्या. त्यामुळे जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. तोवर शर्यतपटू चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचे, उलटं करून दुसऱ्या बाजूची मोठी चकती चेनला लावायचे आणि पुन्हा निघायचे. तंत्र उपलब्ध होतं, गरज होती, तरी वापर नव्हता. कारण 'खरा सायकलस्वार कोण' याची एक कल्पना आड येत होती. विबे बायकर आणि ट्रेव्हर पिंच यांनी १९८४ साली सायकलीच्याच उदाहरणावरून मांडलं की यंत्राचं रूप कार्यक्षमतेवरून एकट्यानं ठरत नाही, ते वापरणारे गट ठरवतात. तुम्हाला तंत्रज्ञानाच्या इतिहासात काम करायचं असेल तर तो निबंध टाळता येणार नाही. मला स्वतःला तो थोडा जास्तच गटांवर विसंबून आहे असं वाटतं. चढ हा चढच असतो, तो कुणाच्या मतावर कमीजास्त होत नाही.

पुढचं झपाट्यानं. १९६४ साली जपानच्या सनटूरनं तिरका समांतरभुज डिरेलर काढला, त्यामुळे चेन आणि चकती यांच्यातलं अंतर सगळ्या गिअरमध्ये जवळपास सारखं राहू लागलं. त्याचं पेटंट १९८४ च्या सुमारास संपलं आणि त्याच वेळी शिमानोनं खटक्यावर बदलणारा गिअर आणला, म्हणजे अंदाजानं दांडी सरकवायची गरज संपली. एका कंपनीचं पेटंट संपणं आणि दुसरीची भरभराट होणं यांचा असा मेळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. आणि हेही लक्षात ठेवा की हीच शिमानो १९५७ पासून तीन गिअरचे हबही बनवत होती. 'जुनं ते हब, नवं ते डिरेलर' असा जो सरळ रस्ता आपल्या डोक्यात असतो, तो खुद्द कारखानदारांच्या डोक्यात कधीच नव्हता.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे दोन्ही नव्हतं. स्वातंत्र्याच्या आगेमागे सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले: मुंबईत हिंद सायकल, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला टीआय, सोनिपतला अॅटलस, लुधियानाला हिरो. त्यांनी दशकानुदशकं मुख्यतः काढली ती एकाच गिअरची काळी सायकल. डेव्हिड अर्नॉल्ड यांचं भारतातल्या रोजच्या यंत्रांवरचं पुस्तक २०१३ साली आलं. त्यात शिलाई मशीन, टाइपरायटर, भात गिरणी आणि सायकल आहे. यंत्र बाहेरून येतं, पण इथले लोक त्याचा वापर आपल्या पद्धतीनं ठरवतात, हा त्यांचा धागा. तो गिअरला लावून बघा. आपल्याकडे गिअर नव्हता याचं नेहमीचं उत्तर असतं 'गरिबी' किंवा 'मागासलेपण'. माझं म्हणणं असं की आपल्याकडे एक गिअर होता, तो यंत्रात नव्हता एवढंच. दुधाच्या किटल्या लावलेली सायकल चढ आला की माणूस उतरून हातात धरून चालवतो. उतरून ढकलणं हा आपला पहिला गिअर. फुकट, कधीही न बिघडणारा, आणि कॅरिअरवर कितीही वजन असलं तरी चालणारा. ज्या सायकलीवर माणसापेक्षा ओझं जास्त जातं, तिथे तीन गिअरच्या हबची ०.७५ ची सवलत तशी तुटपुंजी.

हे पटत नसेल तर आकडे घ्या. माणूस, सायकल आणि डबा मिळून १०० किलो. चढ ६ टक्के, म्हणजे शंभर मीटर चाललं की सहा मीटर वर. वेग ताशी १० किलोमीटर. नुसत्या चढाविरुद्ध लागणारी शक्ती १६४ वॅट. टायरच्या घर्षणाचे साधारण २० धरले तर १८५ च्या आसपास. रोज कामावर जाणारा माणूस घाम न गाळता १०० वॅटच्या आसपास देतो. उरलेले ८५ कुठून आणायचे? पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर जाते. म्हणजे या चढावर पायडल मिनिटाला फक्त ३१ वेळा फिरणार, आणि प्रत्येक फेऱ्यात तुम्ही जवळजवळ पायडलवर उभे असणार. गिअर शक्ती वाढवत नाही, ती विभागून देतो. शक्तीच कमी पडत असेल तर गिअर तुम्हाला हळू जायची परवानगी देतो, इतकंच.

शक्ती वाढवायची तर मोटर हवी, आणि त्याची आपल्या भागातली गोष्ट जुनी आहे. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं लूना आणली. ५० सीसीच्या आतलं इंजिन आणि पायडल, दोन्ही. आपोआप पकडणारा क्लच, गिअर बदलायची भानगड नाही. चढावर दमली की पायडल मारून हात द्यायचा. मोटर आणि पाय यांनी मिळून चढ चढायचा ही कल्पना पुणे जिल्ह्याला बॅटरीच्या सायकलीनं शिकवलेली नाही.

पण आपल्या प्रश्नाच्या सगळ्यांत जवळचं उदाहरण शिरवळहून लोणंदमार्गे पुढे गेलं की लागतं, फलटणला. तिथे बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, 'नारी' या नावानं ओळखली जाणारी. अमेरिकेतून १९८१ साली परतलेले अभियंते अनिल राजवंशी तिथे काम करू लागले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हात घातला तो सायकलरिक्षाला. त्यांचं म्हणणं साधं होतं: ही रिक्षा ओढणाऱ्याचं शरीर मोडते, कारण तिची रचनाच वाईट आहे. एकच गिअर, लांबलचक चेन, ब्रेक पुढच्याच चाकाला. त्यांनी तीन रूपं केली. पहिली सुधारलेली पायडलरिक्षा: गिअर, आखूड चेन, मागच्या चाकांना ब्रेक. दुसरी, पायडलला मोटरची मदत असलेली. तिसरी पूर्णपणे बॅटरीवर चालणारी, जिला त्यांनी 'इलेक्षा' नाव दिलं. २००२ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यांचा निबंध आला. संशोधनाची तयारी करणाऱ्यानं तो वाचावाच, कारण तो एका ओळीत सांगता येणाऱ्या प्रश्नावर उभा आहे: ओढणाऱ्याच्या शरीरावरचा भार कमी कसा होईल?

आता त्या तीन रूपांकडे इतिहासाच्या नजरेनं बघा. पहिल्यात गिअर आहे, मोटर नाही. तिसऱ्यात मोटर आहे, पायडल नाही. मधलं रूप दोन्हींचं. पुढे देशभर काय पसरलं? तिसऱ्या जातीचं वाहन. पायडल नसलेली ई-रिक्षा इतकी पसरली की २०१५ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात तिच्यासाठी जागा करावी लागली. तीनचाकीत मधलं रूप मागे पडलं. दोनचाकीत मात्र ते टिकून आहे, आणि त्याचं एक कारण नियमपुस्तकात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, वजनाची मर्यादाही पाळलेली असेल, तर ते 'मोटार वाहन' धरलं जात नाही; नोंदणी नको, लायसन्स नको. २५० वॅट म्हणजे वरच्या गणितातले ८५ भरून काढायला पुरेसे, पण पाय पूर्ण सोडून द्यायला पुरतीलच असे नाहीत. चढ थोडा वाढला किंवा मागे कुणी बसलं की पाय लागणारच. पाय लागणार म्हणजे गिअर लागणार. भोंगवलीच्या सायकलीला गिअर हवा आहे तो असा, एका नियमातल्या आकड्यामुळे.

आता मूळ प्रश्नाकडे. बाजारातल्या किटमध्ये मोटर तीनपैकी एका जागी बसते: मागच्या चाकात, पुढच्या चाकात किंवा पायडलच्या बॉटमपाशी. मागच्या चाकात मोटर असेल तर प्रश्नच मिटला. हबच्या जागेत मोटर बसली, हब गिअरला जागा नाही. चेनच्या बाजूला फ्रीव्हील लावायची सोय असते, तिथे सात चकत्यांची उतरंड आणि डिरेलर बसतो किंवा काहीच बसत नाही. शिवाय या मोटरला तुमचा गिअर कळतच नाही, कारण तिची ताकद चेनमधून जात नाही. विज्ञानवाल्यांनी इथे थोडं थांबावं. मोटरनं दिलेला पीळ करंटच्या प्रमाणात असतो आणि तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. ६ टक्क्यांच्या चढाला चाकाशी सुमारे २३ न्यूटन-मीटर पीळ लागतो, मग वेग ताशी १० असो की ५. म्हणजे तुम्ही निम्म्या वेगानं चढलात तर उपयोगी काम दर सेकंदाला निम्मं, आणि त्याच पिळासाठी उष्णता तेवढीच, तीही दुप्पट वेळ. लांब चढावर चाकातली मोटर तापते ती यामुळे. तिला पायानं मदत करणं हाच उपाय, आणि पाय नीट फिरावेत यासाठी गिअर.

मोटर पुढच्या चाकात असेल तर मागे हब गिअर खुशाल बसवा. त्याच्यावर येतो तो फक्त तुमच्या पायाचा भार, म्हणजे ज्या कामासाठी तो जन्मला तेच काम. तीन गिअर कमी वाटत असतील तर हे बघा: ताशी २५ ला मोटर मदत थांबवते, त्यामुळे त्यापुढच्या वेगाचा गिअर ठेवून उपयोग काय? मागची चकती १८ ऐवजी २२ दात्यांची करा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी २५ ला पायडल मिनिटाला ७० च्या आसपास फिरतील आणि पहिल्यामध्ये ताशी १० ला ५०. १९३६ सालच्या रचनेतून ३१ चे ५० झाले, एक चकती बदलून. पुढच्या मोटरचा तोटा असा की खडीवर, ओल्या उतारावर पुढचं चाक घसरतं, आणि जुन्या सायकलीचे सळईचे ब्रेक त्या वजनाला अपुरे पडतात. ब्रेक आधी बदला, गिअरचं नंतर बघा.

तिसरी जागा बॉटमची, आणि खरी अडचण इथे आहे. इथे मोटरची ताकद चेनमधून, म्हणजे गिअरमधून जाते. त्यामुळे चढावर मोटरही हलक्या गिअरमध्ये गरगर फिरू शकते, वर सांगितलेलं तापणं कमी होतं. पण आता गिअरवर दोघांचा भार. लोक म्हणतात, मोटर ताकदवान म्हणून हब फुटतो. हिशेब करून बघा. ७० किलोचा माणूस १७ सेंटिमीटरच्या दांडीवर उभा राहिला की क्षणभर ११७ न्यूटन-मीटर पीळ देतो. जोरदार समजली जाणारी बॉटमची मोटर ८० च्या आसपास देते. माणूस जास्त! मग मोटरनंच का मोडतं?

माझ्या मते उत्तर १९०२ सालात आहे. नॉटिंगहॅमचा हब काय आणि सेंत-एत्येनचा डिरेलर काय, दोन्ही यंत्रं एका न लिहिलेल्या गोष्टीवर उभी आहेत: गिअर बदलताना पाय ढिला पडतो. सायकल शिकलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. खटका दाबताना आपण नकळत जोर काढतो. जुन्या एडब्ल्यू हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक पोकळ जागा असते, तिथे काहीच पकडत नाही. पाय ढिला असतो म्हणून ती चालून जाते. मोटरला पाय नाही. ती खटका दाबतानाही तसाच जोर देत राहते, आणि तो जोर हबमधल्या बोटाच्या पेराएवढ्या खिट्ट्यांवर किंवा तिरक्या झालेल्या चेनवर येतो. यंत्रात सायकलस्वाराचं एक कौशल्य गृहीत धरलेलं होतं. मोटरनं ते काढून घेतलं आणि जागा रिकामी ठेवली. गिअर बदलताना क्षणभर मोटर बंद करणारे सेन्सर आता मिळतात, ते याच रिकाम्या जागेत बसतात.

यातून निवड निघते. हबमध्ये खिट्टी मोडली तर सगळा डबा उघडावा लागतो आणि तो भाग भोरच्या बाजारात मिळेलच असं नाही. डिरेलरवर जोर गेला तर चेन तुटते किंवा चकती झिजते, आणि चेन, फ्रीव्हील हे कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतं. म्हणून बॉटमची मोटर असेल तर मी डिरेलर सांगेन, पुढची असेल तर हब. आणि ज्यांना बॉटमच्या मोटरसोबत हबच लावायचा आहे, त्यांनी वर दिलेली चकती बदलायची युक्ती तिथे करू नये. ४४ ला १८ असेल तर मोटरच्या ८० पैकी हबच्या दारात ३३ न्यूटन-मीटर पोहोचतात. २२ केली की ४०. पायाला सोयीचं तेच हबला जड.

'पण कार्यक्षमता?' असं कुणीतरी विचारणारच. चेस्टर काइल आणि फ्रँक बर्टो यांनी २००१ साली 'ह्यूमन पॉवर' या नियतकालिकात मोजमापं छापली: हब गिअर डिरेलरपेक्षा साधारण २ टक्क्यांनी मागे. आपल्या चढावर म्हणजे सुमारे ४ वॅट. त्याच वर्षी जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांचा चेनवरचा निबंध आला. चेनची कार्यक्षमता ८१ ते ९८.६ टक्के, आणि चेन जितकी ताणलेली आणि चकत्या जितक्या मोठ्या तितकी ती जास्त. तेल घालण्या-न घालण्यानं फारसा फरक दिसला नाही, हेही त्यात आहे. पण ती चेन प्रयोगशाळेतली होती. स्वच्छ. भातलावणीच्या दिवसांत वेल्ह्याच्या रस्त्यावरून आलेली चेन त्यांच्या नमुन्यात नव्हती, आणि बंद डब्यातल्या हबचा खरा फायदा नेमका तिथे आहे. निबंध वाचताना निष्कर्षाआधी 'कशावर मोजलं' हे वाचायची सवय लावा. २ टक्के खरेच आहेत. ते कोणत्या रस्त्याचे आहेत हे विचारायचं.

आता प्रश्न कसा बदलला बघा. 'हब की डिरेलर' यातून 'मोटर कुठे', मग 'यंत्रात कोणतं मानवी कौशल्य गृहीत धरलंय आणि मोटर लागल्यावर त्याचं काय होतं', इथवर आलो. हा शेवटचा प्रश्न घेऊन कुणी प्रस्ताव लिहिला तर त्याला स्रोत काय? पेटंट आहेत, नियमांची राजपत्रं आहेत, फलटणचा निबंध आहे. आणखी एक स्रोत आहे, जो कुठल्याच ग्रंथालयात नाही. सायकलच्या दुकानात भंगारात टाकलेली जुनी फ्रीव्हील. सात चकत्यांपैकी कोणत्या चकतीचे दाते माशाच्या कल्ल्यासारखे टोकदार झालेत ते बघा. मोठ्या चकत्यांचे झिजले असतील तर तो माणूस चढावर गिअर उतरवत होता. सगळ्यांत लहान चकती संपून बाकीच्या कोऱ्या असतील, तर त्यानं मोटर आल्यावर गिअर बदलणंच सोडून दिलं, असा एक अर्थ निघू शकतो. किंवा त्याचा खटका अडकला होता. दुकानदाराला विचारा, त्याला आठवत असतं. मालकाला विचारा. व्हर्निअर कॅलिपर घेऊन जा, दात्यांची उंची मोजा, आणि फ्रीव्हील कुणाची, किती वर्षं चालली, मोटर कुठे बसवलेली होती हे तिथेच वहीत लिहून घ्या. घरी येऊन लिहिलं की दोन फ्रीव्हीलची माहिती एकमेकींत मिसळते.